जाहिरात अडवा, वस्ती वाचवा

मोबाइलवरच्या फसव्या जाहिरातींचा विषय काढला की आपल्यातले शिकलेले लोक तो दोन वाक्यांत मिटवतात. पहिले वाक्य, ‘हाव धरली म्हणून फसला.’ दुसरे वाक्य, ‘कुठंही बोट लावायचंच कशाला?’

ही भाषा आपल्याला नवी नाही. माणूस गरीब आहे कारण त्याने मागच्या जन्मी पाप केले, हे आपल्या आजा-पणजांना शेकडो वर्षे ऐकवले गेले. लुटणाऱ्याचे नाव घ्यायचे नाही आणि लुटल्या गेलेल्याच्या कपाळी दोष लिहायचा, हीच कर्मविपाकाची रीत. १९५६ साली दीक्षाभूमीवर आपण ती नाकारली. मग मोबाइलच्या बाबतीत ती परत तोंडात का येते? पोरगी फसली की ‘तुला कळत नव्हतं का?’ असा प्रश्न विचारणाऱ्याने आधी हे विचारावे की ती जाहिरात तिच्यासमोर आणली कोणी, आणि ती आणण्याचे पैसे कोणाच्या खिशात गेले?

आधी आकडा बघू. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, हा आकडा ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिप्पट! या देशातली माणसे एका वर्षात तिप्पट लोभी झाली का? लोभ तेवढाच राहिला, फसवणुकीचा कारखाना वाढला. ही सगळी रक्कम जाहिरातींतून गेलेली नाही. खोटे फोन, लिंका, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप असे अनेक रस्ते आहेत. पण त्यातल्या कितीतरी रस्त्यांचे पहिले दार जाहिरातच असते, आणि ते दार पैसे घेऊन उघडले जाते.

जाहिरातीला जात विचारावी लागत नाही

जालना म्हटले की लोकांना स्टीलचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबी आठवते. पण याच जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, अंबड, घनसावंगीच्या वस्त्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घरात एकच चांगला मोबाइल असतो. तो कधी बापाकडे, कधी कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे. त्या मोबाइलवर काय शोधले जाते ते बघा. महाडीबीटी शिष्यवृत्तीचा फॉर्म. स्वाधार योजनेची शेवटची तारीख. भरतीचे हॉल तिकीट. आधार कार्डावर कर्ज. शुगर कमी करायचे औषध. लाडकी बहीणची ई-केवायसी.

आता हीच यादी श्रीमंताच्या घरातल्या मोबाइलशी ताडून बघा. त्याच्या पोराला शिष्यवृत्ती शोधावी लागत नाही. त्याला कर्ज हवे असेल तर बँकेचा माणूस घरी येतो. आपल्या पोराला बँक तारखा देते, महामंडळाची फाइल हलत नाही, आणि मग तो रात्री अकरा वाजता मोबाइलवर ‘पाच मिनिटात कर्ज’ शोधतो. जाहिरातीच्या यंत्रणेला त्याची जात विचारायची गरजच पडत नाही. त्याची गरज त्याने स्वतःच टाइप करून सांगितलेली असते. जातिव्यवस्थेने आपल्याला ज्या ज्या दारातून बाहेर ठेवले, नेमकी त्या त्या दाराची खोटी प्रतिकृती जाहिरातीत उभी असते.

ही यंत्रणा चालते कशी? तुम्ही गुगलवर काही शोधले की सगळ्यात वर येणाऱ्या पहिल्या काही ओळी अनेकदा विकलेल्या असतात. त्या जागेचा क्षणात लिलाव होतो. बोली किती लावली आणि त्यावर किती लोक क्लिक करतील, याच्या हिशेबाने जागा मिळते. मजकूर खरा आहे की नाही, यावर तो लिलाव ठरत नाही. बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ एवढा एक शब्द लिहिलेला असतो. पहिल्यांदा मोबाइल हातात घेतलेल्या आपल्या आईला तो शब्द कोणी शिकवला आहे का? तिच्या लेखी वर आहे ते खरे, कारण सरकारी कागदातही वर असते ते महत्त्वाचे असते.

२०२३ ची तलाठी भरती आठवा. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांवर. मागासवर्गीय उमेदवाराची फी ९०० रुपये. एवढी गर्दी, एवढी आशा जिथे जमते तिथे खोटा फॉर्म आणि ‘सीट पक्की’वाला येणारच. २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हाही बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा असे सरकारलाच सांगावे लागले. बायका फसायला निघाल्या नव्हत्या. त्या सरकारचाच हुकूम पाळत होत्या.

कर्जाच्या अ‍ॅपांचा प्रकार तर याहून क्रूर. दोन-चार हजार रुपये द्यायचे, मोबाइलमधले सगळे नंबर आणि फोटो ओढून घ्यायचे, मग दुप्पट-तिप्पट वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करून अब्रू काढायची. पूर्वीच्या सावकाराला निदान गावात तोंड होते. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गुगलने आपल्या प्ले स्टोअरवरून अशी २,२०० च्या वर अ‍ॅप काढून टाकली, हे सरकारनेच संसदेत सांगितले. काढली, हे चांगले झाले. पण ती तिथे बसली होती, तोवर त्यांचा बाजार भरवला कोणी?

चेहरा ओळखीचा, माल खोटा

‘आम्ही सुशिक्षित, आम्ही फसत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मे २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या वतीने मुंबई पोलिसांकडे तक्रार गेली. त्यांचे नाव, फोटो आणि आवाज परस्पर वापरून इंटरनेटवर औषधांच्या जाहिराती चालल्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये तर त्यांचा चेहरा आणि आवाज संगणकावर बनवून एका पैशाच्या गेमची जाहिरात फिरली. तो व्हिडिओ खोटा आहे हे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराच्या प्रमुखांचा असाच बनावट व्हिडिओ शेअरच्या टिप्स देत फिरला आणि बाजाराला खुलासा काढावा लागला. ज्यांच्यामागे वकिलांची फौज आहे, त्यांचा चेहरा वाचत नाही. मग बदनापूरच्या बस स्टँडवर उभ्या असलेल्या पोराने खरे-खोटे कसे ओळखायचे?

पैसा कोणाच्या खिशात जातो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. त्यांनुसार २०२४ च्या कमाईचा सुमारे १० टक्के भाग, म्हणजे अंदाजे १६ अब्ज डॉलर, फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल असा कंपनीचाच हिशेब होता. रुपयांत हे सव्वा लाख कोटींच्या वर जाते. जास्त धोकादायक वाटणाऱ्या अशा रोज सुमारे १५ अब्ज जाहिराती लोकांना दाखवल्या जात होत्या. जाहिरातदार भामटा आहे याची ९५ टक्के खात्री झाली तरच त्याला बंद करायचे. त्याहून कमी खात्री असेल तर त्याच्याकडून जास्त दर घ्यायचा. हा अंदाज ढोबळ आणि फुगलेला आहे, कागदपत्रांतून एकांगी चित्र उभे राहते, असे कंपनीने उत्तर दिले. ठीक आहे. अर्धाच खरा धरा. अर्धाही साठ हजार कोटींच्या वर जातो.

त्या कागदपत्रांतली आणखी एक गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी. फसव्या जाहिरातीवर एकदा क्लिक करणाऱ्याला पुढे तशाच आणखी जाहिराती दिसण्याची शक्यता वाढते, कारण यंत्रणा ‘तुमची आवड’ बघून जाहिरात देते. म्हणजे जो एकदा भुलला, त्याच्या दारावर खूण करून ठेवायची आणि पुढच्या चोराला तेच घर दाखवायचे. याला आवड म्हणायचे की शिकार, ते तुम्हीच ठरवा.

गुगलचेही तेच. त्याच्या मूळ कंपनीची २०२४ ची कमाई सुमारे ३५० अब्ज डॉलर, आणि त्यातला तीन चतुर्थांश हिस्सा जाहिरातींचा. तीच कंपनी क्रोम ब्राउझर बनवते. मोबाइलवरच्या क्रोममध्ये जाहिरात अडवणारे एक्स्टेंशन बसतच नाही. संगणकावरच्या क्रोमनेही नियम बदलले आणि युब्लॉक ओरिजिन हे सगळ्यात प्रभावी साधन २०२५ पर्यंत तिथे बंद पडले, त्याची कमी ताकदीची आवृत्ती तेवढी उरली. कंपनी याला सुरक्षेची सुधारणा म्हणते. कुंपण कोणाच्या शेताचे आहे, ते बघून घ्या.

कायदा आहे, हात आखडतो

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. आपला जालना जिल्हा ज्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतो, त्याच खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला. प्रकरण टीव्हीवरच्या ‘हनुमान चालिसा यंत्रा’च्या जाहिरातींचे होते. यंत्र घ्या, पैसा येईल, अडचणी जातील. न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांनी सांगितले की अशा वस्तूत चमत्कारी शक्ती आहे असा दावा करून जाहिरातीतून ती विकणे हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बेकायदेशीर आहे. गुन्हे नोंदवा आणि टीव्हीवरच्या अशा जाहिराती रोखायला यंत्रणा उभी करा, असे आदेशही दिले. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर झगडले आणि जो त्यांच्या खुनानंतर आला, त्याच कायद्याचा हा वापर होता.

टीव्हीवरचे ते यंत्र आज मोबाइलमध्ये आले आहे. टीव्हीवर जाहिरात सगळ्यांना दिसायची, म्हणून कोणीतरी कोर्टात गेला. मोबाइलवर ती फक्त तुमच्या आईला दिसते आणि अर्ध्या तासात नाहीशी होते. पुरावा गोळा करणार कोण?

मधुमेह, कर्करोग बरा करतो म्हणणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने संकेतस्थळांवरच्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. बातमीच्या वेशात लपवलेली जाहिरात त्यात आहे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन गेमची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड ठेवला.

मग अडते कुठे? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ पाशी. आम्ही फक्त मध्यस्थ, मजकूर दुसऱ्याचा, असे म्हणून कंपन्या या कलमाच्या आडोशाला उभ्या राहतात. टपालवाल्याला पत्रातल्या मजकुराबद्दल पकडत नाहीत, हे समजू शकतो. पण जो पत्र पोचवण्यासाठी गिऱ्हाईक निवडतो, वेळ निवडतो, लिलाव लावतो आणि प्रत्येक पत्रामागे पैसे घेतो, तो टपालवाला कसा? दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रेडमार्कच्या एका प्रकरणात हेच म्हटले. जाहिरातींच्या धंद्यात गुगल सक्रिय भागीदार आहे आणि तिथे ट्रेडमार्कचे उल्लंघन झाले तर कलम ७९ ची ढाल मिळणार नाही. ब्रँडच्या मालकाला जो न्याय मिळतो, तो ऊसतोड कामगाराच्या मुलीला का नको?

अडवणे म्हणजे नेमके काय

कोर्ट, संसद, कंपन्या यांच्याशी लढाई लांब चालेल. तोवर वस्ती उघडी ठेवायची नाही. जाहिरात-रोधक हे साधे साधन आहे. आपण एखादे पान उघडले की ब्राउझर त्या पानासोबत जाहिरातवाल्यांच्या सर्व्हरकडेही मागणी पाठवतो. रोधकाकडे अशा सर्व्हरची यादी असते. यादीतला पत्ता दिसला की तो मागणीच पाठवत नाही. जाहिरात येत नाही, तिच्यावर खर्च होणारा डेटाही वाचतो. रोजचा दीड जीबी घरातल्या चौघांत वाटून घेणाऱ्यांना याची किंमत सांगायला नको. अमेरिकेच्या एफबीआयनेही डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना सांगितले होते की इंटरनेटवर काही शोधताना जाहिरात-रोधक वापरा, कारण गुन्हेगार शोधाच्या जाहिरातींतून ब्रँडची नक्कल करत आहेत.

करायचे ते असे. अँड्रॉइड मोबाइलवर फायरफॉक्स ब्राउझर घ्या आणि त्याच्या अ‍ॅड-ऑनमधून ‘युब्लॉक ओरिजिन’ बसवा. मोफत आहे, त्याचा कोड कोणालाही तपासता येतो. नाव नीट बघा, कारण रोधकांच्या नावानेही फसवणूक होते. २०१८ मध्ये क्रोमच्या दुकानात पाच नकली रोधक सापडले होते आणि ते दोन कोटींहून जास्त लोकांनी घेतले होते. काही रोधक मोठ्या जाहिरातदारांकडून पैसे घेऊन त्यांच्या जाहिराती सोडतात, हेही ध्यानात ठेवा. दुसरा ब्राउझर नको असेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असते. तिथे जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला की बऱ्याच अ‍ॅपमधल्या जाहिरातीही थांबतात. मात्र आपण कोणकोणती संकेतस्थळे उघडतो, ते त्या सेवेला दिसू शकते. म्हणून माहितीतली सेवाच घ्या.

मर्यादाही सांगायला हव्यात. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमधल्या जाहिराती यातून सुटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक रोधक ओळखेलच असे नाही. रोधक ही मच्छरदाणी आहे. मच्छरदाणी लावली म्हणून नगरपालिकेने गटार साफ करावे ही मागणी कोणी सोडत नाही, आणि गटार साफ होईपर्यंत लेकरांना उघड्यावर कोणी झोपवतही नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप, जाहिरात अडवणे म्हणजे चोरी. मोबाइल आपला, डेटाचे पैसे आपण भरले. आपल्या मोबाइलवर कोणाचा प्रोग्राम चालेल हे ठरवण्याचा हक्कही आपलाच. दारात आलेल्या फेरीवाल्याला ‘नको’ म्हणणे ही कधीपासून चोरी झाली? पंचशीलातले अदिन्नादान मोजायचेच असेल तर न दिलेले कोण उचलतो, ते बघा. आपली माहिती, आपला डेटा, आपला वेळ आपण कोणाला दिला होता? आणि मुसावादाचे शील तर तिथे रोज अब्जावधी वेळा मोडले जाते.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि तो जास्त खरा आहे. आपले आंबेडकरी यूट्यूब चॅनल, आपली पोर्टल जाहिरातींवर चालतात, ती बंद पडतील. याचे उत्तर इतिहासात आहे. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. म्हणजे जाहिरातीच्या बाजारात आपल्याला जागा नव्हतीच. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि वर्गणीदारांच्या जोरावर पत्र उभे राहिले. बाबासाहेबांची पुढची पत्रेही पैशाअभावी सतत अडचणीत होती, पण कोणा भोंदूच्या पैशावर ती उभी नव्हती. आज आपल्याच धम्मप्रवचनाच्या व्हिडिओआधी वशीकरणवाल्या बाबाची जाहिरात लागते. त्यातले चार पैसे आपल्या चॅनलला येतात आणि बाकीची कमाई, माहितीसकट, कंपनीकडे जाते. सम्यक आजीविका म्हणताना हा प्रश्न टाळता येणार नाही. ज्या संकेतस्थळावर विश्वास आहे, तिथे रोधक एका बोटाने बंद करता येतो. आणि त्याहून बरे, महिन्याला वीस-पन्नास रुपये थेट द्या. जयंतीच्या डीजेला वर्गणी देणाऱ्या समाजाला हे जड नाही.

तिसरा आक्षेप, रोधक नको, लोकांना जागरूक करा. जागरूक जरूर करा. बुद्धाने कालामांना सांगितलेच आहे की ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून घ्या. पण तपासायला उसंत लागते. बारा तास कोयता चालवून आलेल्या माणसाला प्रत्येक पत्ता तपासत बस म्हणणे, हा त्याच्यावर लादलेला आणखी एक बिनपगारी कामाचा बोजा आहे.

आता कामाला लागू

येत्या १४ एप्रिलला बॅनरवर जेवढा खर्च करणार, त्यातला एक दिवस मोबाइलसाठी ठेवा. विहारात टेबल लावा. दोन मुले, दोन मुली बसवा. येणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर रोधक बसवून द्या, विशेषतः बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या. महाडीबीटी आणि लाडकी बहीणची खरी संकेतस्थळे बुकमार्क करून द्या. पत्ता ओळखायला शिकवा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तर ते सरकारी. पैसे गेले तर लाजून गप्प बसू नका, पहिल्याच तासात १९३० वर फोन करा. फसव्या जाहिरातीची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करा, आणि त्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. टीव्हीच्या खटल्यासारखा खटला उद्या उभा राहिला तर पुरावा वस्तीतूनच निघेल.

समाजकल्याणच्या वसतिगृहांतल्या, सरकारी अभ्यासिकांतल्या आणि आपले सरकार केंद्रांतल्या संगणकांवर रोधक बसवा, असे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्या. आमदार-खासदार मत मागायला येतील तेव्हा विचारा की जाहिरातीचे पैसे घेणाऱ्या कंपनीला कलम ७९ चे संरक्षण का? जाहिरात देणाऱ्याची ओळख पटवल्याशिवाय ती छापायची परवानगी का? सिम कार्डाला आमचे ओळखपत्र आणि चेहरा लागतो, मग लाखो लोकांना लुटणारी जाहिरात देणाऱ्याला काहीच का लागू नये?

आणि वस्तीत कोणी फसले तर पहिला प्रश्न ‘कसं झालं?’ हा विचारा. ‘तुला कळत नव्हतं का?’ हा प्रश्न ज्यांनी पैसे घेतले त्यांच्यासाठी राखून ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!